लोकाइले फक्त हसाचंच हाय काय?

पत्र थोडक्यात असं: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका दादांनी लिहिलंय, नाव-गाव देत नाही. वय चाळिशीच्या आसपास, स्टँडवर मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, घरी थोडी कोरडवाहू शेती. रात्री सगळे झोपले की मोबाईलवर सिनेमे पाहतात, दोनच प्रकारचे, जुन्या कॉमेड्या नाहीतर राजकीय डॉक्युमेंट्र्या, अन् प्रत्येकावर वहीत आपलं मत लिहून ठेवतात. यंदा तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, समाजमंदिरात प्रोजेक्टर लावला. आधी चार्ली चॅप्लिनचा एक छोटा मूकपट दाखवला, पोट्टे हसून हसून लोळले. मग ‘निरोज गेस्ट्स’ लावली, विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवरची. अर्ध्यातच बाया उठून गेल्या, एक म्हातारे बाबाजी म्हणाले, “आमचं मरण आमालेच कायले दाखवतं बाप्पा”, अन् पोट्टे ओरडले, बनवाबनवी लाव. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर एकानं विचारलं, तू कोण्या पार्टीचा झाला बे? त्यात पुण्यात शिकणाऱ्या भाच्यानं वही चाळून सांगितलं, मामा, सिनेमा वाचता यावा लागतो, हे काही रिव्ह्यू नाहीत. दादा विचारतात: लोकाइले फक्त हसाचंच हाय, तर डॉक्युमेंट्री दाखवणं सोडून देऊ? का कॉमेडीच बंद करू, तिनंच लोक बिघडले? अन् माझ्यासारख्या बारावी पास माणसानं मत द्यावं की नाही?

भाऊ, पहिले त्या उठून गेलेल्या बायांचं बोलू. भाच्याचं नंतर पाहू, तो काही पळून नाही चालला.

तुम्ही लिहिलं की बाया उठून गेल्या, पण कोणत्या बाया ते नाही लिहिलं. आपल्या यवतमाळ-वर्धा-अमरावतीच्या पट्ट्यात असं गाव सापडणं मुश्कील जिथं तसं एकही घर नाही. त्या घरी काय काय होऊन गेलेलं असतं ते मी तुम्हाला सांगायला नको, पटवारी येतो, पोलीस येतात, पेपरवाला येतो, पासबुक मागतात, सातबारा मागतात, कर्ज बँकेचं होतं का सावकाराचं ते विचारतात, मग मदतीचा कागद तहसीलात जातो अन् तिथून ‘पात्र’ नाहीतर ‘अपात्र’ होऊन येतो, जसा काय मेलेला माणूस परीक्षेला बसला होता. आता यातून गेलेल्या एखाद्या बाईला तुम्ही सणाच्या दिवशी, तिचं लेकरू लाकडी नंदी घेऊन बाजूला बसलेलं असताना, भिंतीएवढ्या पडद्यावर दुसऱ्या बाईचं तेच रडणं दाखवलं. ती उठली. याला ‘लोकाइले सिरीयस पाहाचं नसते’ म्हणायचं का? मला तर वाटतं तिथं बसलेल्या सगळ्यांत तो सिनेमा तिलाच आधी समजला.

अन् त्या बाबाजींनी जे विचारलं ना, ते तुम्ही पत्रात तक्रार म्हणून लिहिलंय, पण तो प्रश्न एकदम नेमका आहे. दीपा भाटियांनी ही डॉक्युमेंट्री २००९ साली केली, त्यात पत्रकार पी. साईनाथ आपल्या भागात घरोघरी फिरतात अन् मग शहरातल्या लोकांसमोर बोलतात. नावामागची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते. इसवी सन ६४ मध्ये रोम जळालं, बादशहा नीरोनं खापर दुसऱ्यांवर फोडलं, त्यांना पकडून आणलं अन् आपल्या बागेत रात्री उजेड व्हावा म्हणून माणसं जाळली, असं टॅसिटस नावाचा इतिहासकार लिहून गेला. साईनाथ म्हणतात नीरोचं सोडा, तो तसाच होता, पण त्या उजेडात बसून खाणारे-पिणारे पाहुणे कोण होते? म्हणजे हा सिनेमा पाहुण्यांसाठी आहे भाऊ. बोलणं बरंचसं इंग्रजीत, श्रोते शहरातले, रागही त्यांच्यावरच. तुम्ही पाहुण्यांना विचारलेला प्रश्न नेऊन जळणाऱ्यांनाच विचारला, मग बाबाजी म्हणणारच ना की आमालेच कायले.

सिनेमा वाईट आहे असं नाही, लय चांगला आहे. पण तो तालुक्याच्या कॉलेजात लावा, कृषीच्या पोरांना दाखवा, बँकेतल्या साहेबाला दाखवा, नागपुरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माझ्यासारखीला दाखवा. गावात दाखवायचाच असेल तर सणाला नको, अन् आधी त्या चार घरी जाऊन सांगून या की अमुक दिवशी असं असं लावणार आहे, यायचं तर या, नाही आलात तरी काही नाही. एवढं केलं असतं तर कदाचित त्यांच्यातलीच एखादी पुढं बसली असती अन् नंतर बोललीही असती. कदाचित नसतीही.

आता हसण्याचं. तुम्ही वहीच्या पानाचा फोटो पाठवलाय, त्यात याच सिनेमाखाली लिहिलंय, “युरोपच्या गाईच्या गोष्टीत हसू आलं, मंग लाज वाटली.” लाज कशाची? साईनाथ ती गोष्ट विजय जावंधियांच्या नावानं सांगतात, जावंधिया आपल्या वर्ध्याचे, शेतकरी संघटनेतले जुने माणूस. त्यांना कोणीतरी विचारलं की भारतातल्या शेतकऱ्याचं स्वप्न काय असते, तर ते म्हणाले युरोपातली गाय होऊन जन्माला यायचं. कारण तिथं एका गाईमागं सरकार जेवढं देते तेवढी इथं कास्तकाराची कमाई नाही. हा जोकच आहे, अन् जोक म्हणूनच सांगितलाय. साईनाथांचा तो दुसरा हिशोबही तसलाच, मुंबईत फॅशन वीक भरला, थीम काय तर कॉटन, तिथं ५१२ पत्रकार, अन् तोच कापूस पिकवणारे मरत होते ते कव्हर करायला बाहेरून आलेले अवघे सहा. हे ऐकून आधी तोंडातून हसूच फुटते, मग घशात अडकते. म्हणजे तुम्ही ज्याला ‘सिरीयस’ म्हणून वेगळं ठेवलं त्याच्या आत कॉमेडी बसलेली आहे, अन् तुमच्या वहीनं ती पकडलीसुद्धा, फक्त तुमचा तुमच्या वहीवर भरोसा नाही.

तुमच्या सगळ्या पत्रात एक गृहीत आहे की कॉमेडी म्हणजे टाईमपास अन् डॉक्युमेंट्री म्हणजे सत्य. हे कुठून आलं माहीत नाही. आपल्या आईबापाच्या पिढीला विचारा, त्यांच्यासाठी डॉक्युमेंट्री म्हणजे टॉकीजमध्ये मेन सिनेमाच्या आधी लागणारी सरकारी फिल्म्स डिव्हिजनची रीळ, धरण, कालवा, मंत्री फीत कापतोय, अन् ती संपेपर्यंत लोक बाहेर बिडी ओढत उभे. तेही कॅमेऱ्यानं काढलेलं खरंच होतं की. खरं धरण, खरा मंत्री.

याच्याहून मोठं उदाहरण तर तुमच्या आवडत्या चार्लीच्या बाजूलाच आहे. १९३४ मध्ये जर्मनीत न्यूरेंबर्गला हिटलरच्या पार्टीचं अधिवेशन झालं, त्यावर लेनी रीफेनश्टालनं ‘ट्रायम्फ ऑफ द विल’ नावाची डॉक्युमेंट्री केली, ती १९३५ ला आली. त्यात काहीच नाटकातलं नाही म्हणा, गर्दी खरी, झेंडे खरे, भाषण खरं. पण कॅमेऱ्यासाठी रूळ टाकलेले, झेंड्याच्या खांबाला लिफ्ट लावलेली, की वरून गर्दी कशी अफाट दिसली पाहिजे. पाहणाऱ्याला वाटावं हा माणूस आभाळातून उतरला. अन् १९४० मध्ये चार्लीनं ‘द ग्रेट डिक्टेटर’ काढला त्यात सगळंच बनावट, देश बनावट, नाव बनावट, भाषण तर असं की जर्मन वाटेल पण अर्थ शून्य, फुग्याच्या पृथ्वीसोबत नाचणारा हुकूमशहा. आता सांगा यातलं खरं कोणतं? डॉक्युमेंट्री खोटी असते असं मी म्हणत नाहीये हां, नाहीतर उद्या ठेल्यावर माझ्या नावानं तेच सांगाल. कोणी काढला, पैसा कोणाचा, कॅमेरा कोणाच्या बाजूनं उभा होता, हे दोन्हीकडं विचारावं लागते, एवढंच.

त्याच पिक्चरवर तुमच्या वहीत आहे, “शेवटचं भाषण लांबलं. चार्ली गेला अन् दुसराच कोणी बोलाले लागला.” भाच्याला हे वाक्य दाखवा. त्या काळच्या कितीतरी समीक्षकांनी अगदी हीच तक्रार केली होती, की तिथं पात्र संपते अन् चॅप्लिन स्वतः बोलतो. दुसरीकडं लाखो लोकांना तेच भाषण त्या सिनेमातलं सगळ्यात आवडते, भांडण अजून मिटलेलं नाही. तुम्ही यवतमाळात खाटेवर पडून, कानात हेडफोन घालून त्या भांडणात बरोबर जागेवर जाऊन बसलात. याला सिनेमा वाचणं नाही म्हणत तर कशाला म्हणतात?

भाच्याचं एक मात्र बरोबर आहे, ते मी त्याच्या बाजूनं बोलते. फोटोतल्या बाकी नोंदी पाहिल्या तर ‘बेस्ट’, ‘बोअर’, ‘एक नंबर’, ‘फालतू’, असंच जास्त आहे. हा निकाल झाला, मत नाही. निकाल ऐकून समोरचा एकतर हो म्हणतो नाहीतर भांडतो. ठेल्यावरही तुम्ही असंच बोलत असाल तर पार्टी विचारली जाणारच. त्यापेक्षा जिथं हसलात तो सीन लिहा, जिथं मोबाईल बाजूला ठेवून पाणी प्यायला उठलात तेही लिहा, काय दाखवलंच नाही असं वाटलं ते लिहा. वर्ष अन् डायरेक्टर तर लिहाच, नाहीतर दोन वर्षांनी तुमचं तुम्हालाच समजत नाही. ‘फालतू’ लिहायला मनाई नाही, पण दोन ओळी आधी लिहून मग. हे मी फक्त तुम्हाला नाही सांगत, मला अशी पत्रं येत असतात, कोणी शिक्षक, कोणी एसटीतले कंडक्टर, सगळ्यांचा प्रश्न एकच की आम्ही काय शिकलो की आम्ही बोलावं. तिकीट काढून, नाहीतर नेटपॅक मारून, पाहायला डिग्री लागली नाही तर बोलायला कशी लागेल.

आता ‘कॉमेडीनं लोक बिघडले’ या मुद्द्यावर येऊ, यावर मला खरं तर तुमच्याशी भांडायचंय. पोट्टे ‘अशी ही बनवाबनवी’ मागतात म्हणून तुम्ही वैतागलात. १९८८ चा सिनेमा, मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ वरून, अन् गोष्ट काय आहे? पुण्यात पोरांना राहायला खोली मिळत नाही. घरमालकीण म्हणते जोडप्यालाच देईन, म्हणून दोघं साड्या नेसतात. आपल्याकडून एमपीएससीच्या क्लासला पुण्यात गेलेल्या कोणत्याही पोट्ट्याला विचारा, कॉट बेसिसवर राहून, डिपॉझिट बुडवून, ‘बॅचलरला देत नाही’ ऐकून आलेला असतो. साड्या सोडल्या तर त्याचीच गोष्ट आहे ती. पुढच्या वेळी लावाच, अन् संपल्यावर फक्त एवढं विचारा की ही मंडळी खोटं का बोलली. पाहा मग कसे बोलतात.

‘जाने भी दो यारों’ तुमच्या यादीत दिसला नाही, तो पाहा. १९८३, कुंदन शाहचा पहिला पिक्चर, एनएफडीसी या सरकारी सिनेमा महामंडळाच्या तुटपुंज्या पैशात केलेला. दोन भोळे फोटोग्राफर, एक बिल्डर, त्याचा दुश्मन दुसरा बिल्डर, महापालिकेचा कमिशनर, अन् आपल्या भक्ती बर्वेंनी केलेली ती संपादक, जी सुरुवातीला सत्याची बाजू घेणारी वाटते. पूल पडतो. प्रेत पळवतात, ते प्रेत शेवटी महाभारताच्या नाटकात साडी नेसून द्रौपदी होते, पोट दुखेपर्यंत हसतो माणूस. अन् मग कोण सुटते, कोण अडकते? पुरावा काढणारे दोघेच कैद्याच्या कपड्यात रस्त्यावर, आपल्याकडं पाहून गळ्यावरून हात फिरवतात. इतकी कडू राजकीय डॉक्युमेंट्री मी तरी पाहिली नाही, अन् ती कॉमेडी आहे.

जुन्या कॉमेडीतल्या काही गोष्टी आता टोचतात हे तुम्ही लिहिलंय, मुलीनं विचारलं बाबा यात हसण्यासारखं काय, अन् तुमच्याकडं उत्तर नव्हतं. नसू दे. काळ्या रंगावरचे, जाड बाईवरचे जोक टोचायलाच पाहिजेत, त्यासाठी सगळा सिनेमा फेकायची गरज नाही अन् मुलीला ‘तुला समजत नाही’ म्हणायचीही नाही. चॅप्लिननं तर १९६४ च्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की छळछावण्यांत काय चाललंय ते तेव्हा माहीत असतं तर आपण ‘डिक्टेटर’ काढूच शकलो नसतो. काढणाऱ्यालाच असं वाटू शकते तर पाहणाऱ्याला का नाही.

आता ते, जे तुम्ही एका ओळीत उरकलं. “पोळ्याला झडत्या मस्त झाल्या, कापसाच्या भावावर अन् विम्यावर पोट्ट्यायनं धमाल केली.” अहो भाऊ! झडत्या म्हणजे पोळ्यात म्हणायच्या, टर उडवणाऱ्या रचलेल्या ओळी. तोरणाखाली बैल उभे, सरपंच उभा, गावातला पुढारी उभा, अन् त्यांच्या तोंडावर सरकारची टर उडवून वर ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’. याच्याहून राजकीय कॉमेडी कोणती? तेच लोक, तेच गाव, एक दिवस आधी. अन् तुम्ही म्हणता गावाला राजकीय काही नको असते. त्यांना नको होतं ते कोणीतरी वरून दाखवलेलं दुःख, आपण रचलेली टर त्यांना हवी आहे. गाडगेबाबा कीर्तनात काय करत? लोकांना प्रश्न विचारत, तेही आपल्या वऱ्हाडीत, लोक उत्तर देत, हसत, अन् हसता हसता कर्ज काढून सण करणाऱ्याचा चेहरा उतरत असे. भाषण शेवटी नाही, प्रश्न मधे. तुमच्या पत्रावरून दिसते की तुम्ही सिनेमा थांबवून थांबवून समजावून सांगत होता. ते बंद करा बरं, आधी ते.

पार्टीचं काय करायचं? काही नाही. आनंद पटवर्धनांनी १९७८ मध्ये आणीबाणीतल्या कैद्यांवर ‘प्रिझनर्स ऑफ कॉन्शन्स’ केली अन् १९९२ ला अयोध्येवर ‘राम के नाम’, एकच माणूस, दोन वेगळ्या पार्ट्यांचे लोक चिडले. ‘अॅन इनसिग्निफिकंट मॅन’ ही केजरीवालांच्या पार्टीवरची, तिच्यासाठी तर सेन्सॉर बोर्डानं मोदी, शीला दीक्षित अन् खुद्द केजरीवाल अशा तिघांची एनओसी आणायला सांगितलं होतं, हाच एक कॉमेडी सीन आहे. तुम्ही एकाच बाजूच्या दाखवत असाल तर मात्र ठेल्यावरच्या माणसाचं चुकलं नाही. वही पाहा, स्वतःच मोजा. अन् निवडणुकीची आचारसंहिता असताना प्रोजेक्टर काढूच नका, कितीही साधा पिक्चर असो, उगाच लफडं.

पुढच्या वेळी काय लावायचं विचारलंत. मी असते तर सतीश मनवरचा ‘गाभ्रीचा पाऊस’ लावला असता, तोही २००९ चाच, विदर्भातलाच, वऱ्हाडीतलाच. शेजारच्या कास्तकारानं जीव दिला म्हणून एक बायको आपल्या नवऱ्याच्या मागं पाळत ठेवते, पोराला मागं पाठवते, सासूलाही कामाला लावते, नवऱ्याला बिचाऱ्याला समजत नाही की आपल्याला एवढं काऊन जपू रायले. यावर हसू येते अन् ते हसणाऱ्याला आपल्याच घरातलं वाटते. शेवट मात्र हसवणारा नाही, म्हणून इथंही तेच, त्या घरांना आधी सांगा. समाजमंदिरात लावणं म्हणजे चारचौघात जाहीर दाखवणं झालं, तर काढणाऱ्यांना विचारा, पत्र-मेल टाका, डॉक्युमेंट्रीवाले लोक तर गावात दाखवतो म्हटलं की बरेचदा खूषच होतात. आवाज दहाच्या आत बंद. इंग्रजी असेल तर तुमच्या मुलीला बाजूला बसवून मोठ्यानं मराठीत सांगायला लावा, तिला जमेल, तुमच्यापेक्षा नेमकं बोलते ती.

अन् दिवाळीनंतर कापसाची वेचणी जोरात असते, बाया दिवसभर वाकून थकून येतात, तेव्हा रात्रीचं काही ठेवू नका. वेचणी आटपू द्या, भाचा तेव्हा सुटीत आला असेल तर स्पीकर त्याच्याकडं द्या अन् पिक्चर त्यालाच निवडू द्या एकदा. काय निवडतो ते मला कळवा, मला खरंच जाणून घ्यायचंय.